बिनसाखरेचा चहा

काका चहात साखर घेतात की नाही, याकडे डोळे लावून बसलेली घरं आमच्या दिल्लीत बरीच होती. आमच्या दिल्लीत म्हणजे मराठी दिल्लीत. सरोजिनीनगरची सरकारी क्वार्टर्स, करोलबागेतले भाड्याचे वरचे मजले, पुढे यमुनेपलीकडच्या सोसायट्या. काका यायचे, चपला दाराशी काढून खुर्चीत बसायचे आणि गुडघ्यांवर हात ठेवून पंख्याकडे बघत राहायचे. घरातली बाई चहा ठेवायची आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारायची, "साखर?" काका "दोन चमचे" म्हणाले की मुलीचं लग्न ठरलं. "नको" म्हणाले की साखरेचा डबा पुन्हा फळीवर आणि मुलगी पुन्हा यादीत.

मागच्या पावसाळ्यात ते गेले. नव्वदीला टेकले होते. शोकसभेला हॉल भरला होता. त्यांनी लग्नं जुळवलेली जोडपी पहिल्या तीन रांगांत बसली होती, काहींची मुलं इंग्रजीत बोलत मागे फिरत होती. प्रत्येक जण उठून हेच सांगत होता की काकांनी माणसं जोडली. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं, कारण त्यांच्या सहलीचे पोहे अकरा वर्षं मी केले होते. घसा बसलाय म्हणून मी सुटका करून घेतली. घसा ठणठणीत होता. तिथे बोलले नाही ते इथे लिहिते आहे.

काका मोठे अधिकारी वगैरे नव्हते. सरकारी कचेरीत आयुष्य काढलं, निवृत्त झाले, बायको गेली, आणि मग त्यांना हे वेड लागलं. दिल्लीतल्या मराठी मुलामुलींची लग्नं कशी व्हायची? पुण्याहून स्थळ आलं की "दिल्लीची मुलगी म्हणजे जरा फॉरवर्ड असणार" म्हणून बिचकायचं. दिल्लीत बघायला जावं तर सगळी घरं एकमेकांच्या ओळखीची, नकार दिला की गणपतीत तोंड कसं दाखवायचं? काकांनी यावर तोड काढली ती तळ्याची.

संक्रांतीला आमची मंडळी गाडी करून पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जातात, हात जोडून, डोळे पुसून येतात. काका कधी गेले नाहीत. "जिथे हरलो तिथे दरवर्षी कशाला जायचं?" म्हणायचे. संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यांची बस कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊससमोरून बरोबर सातला सुटायची. उशिरा येणाऱ्या मुलाचं नाव जागच्या जागी खोडलं जायचं, मग तो डॉक्टर असो नाहीतर कलेक्टर व्हायला आलेला असो. जात त्यांनी कधी विचारली नाही, पत्रिका पाहिली नाही. नगरच्या एका ख्रिस्ती घरातली मुलगी सोलापूरच्या मुलाला दिली आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना गप्प बसवलं. एवढं त्यांचं मान्य करायला हवं, आणि मी ते करते.

हरियाणात सोहन्याच्या पुढे, अरवलीच्या पायथ्याशी ते तळं. तळ्यात जिभेसारखी लांब, अरुंद जमीन घुसली होती, तीन बाजूंना पाणी. काका तिला द्वीपकल्प म्हणायचे. दिल्लीत वाढलेली एखादी मुलगी हमखास विचारायची, "काका, द्वीपकल्प मतलब?" मग काका तिच्या आईकडे असं बघायचे की ती बिचारी पोह्यांवरचं खोबरं पुन्हा पुन्हा पसरत बसायची. काठापासून टोकापर्यंत सव्वा किलोमीटर. दुतर्फा विलायती बाभळी, म्हणजे आमच्या दिल्लीच्या भाषेत कीकर. मध्ये एक पडकी दगडी छत्री, टोकाला सपाट खडक, आणि थंडीत पाण्यावर सगळीकडे बदकं. काका त्या सगळ्यांना सरसकट सायबेरियाचे पाहुणे म्हणायचे. त्यात गावातली पाळीव बदकंही असायची.

एक मुलगा, एक मुलगी. टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. छत्रीपाशी थांबायचं, खडकावर बसायचं, तळं बघायचं. कुठेही घाई नाही. "चहा-पोह्यांच्या ट्रेमागून काय कळतं?" काका विचारायचे. "जाताना माणूस स्वतःची माहिती सांगतो. येताना त्याचा स्वभाव दिसतो." म्हणून तर त्यांनी ही जागा निवडली होती. वाट एकच. कंटाळा आला, राग आला, तरी दुसरीकडून निसटता येत नाही, त्याच माणसाबरोबर सगळी वाट परत यावंच लागतं. आईबाप काठावर सतरंज्यांवर बसायचे. काका जरा उंचावर घडीच्या खुर्चीत, डोळ्याला दुर्बीण, मांडीवर वही. दुर्बीण जुनी, लष्करातल्या कुणा मित्राकडून मिळालेली.

ते काय बघायचे, हे त्यांनी लपवलं नव्हतं. परतीच्या वाटेवर कोण कुठे चालतं ते बघायचे. "माझी मंडळी," ते सांगायचे, आणि हे ते दरवर्षी बस सुटल्या सुटल्या सांगायचे, "माझी मंडळी कायम माझ्या दहा पावलं मागे. गुडघ्यानं अधू होती. मी म्हणायचो, चल लवकर. एकदा मंडी हाऊसला मी बसमध्ये चढलो, सीट मिळवली, तिकिटं काढली, आणि दोन स्टॉपनंतर बघतो तर ती नाहीच. ती स्टॉपवरच राहिली होती. घरी आली रिक्षा करून. काही बोलली नाही. भाकऱ्या केल्या." इथे ते थांबायचे. बसमधल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. "जो पुरुष बाईला मागे टाकून पुढे चालतो, त्याला मी माझी मुलगी देणार नाही." सगळ्याच त्यांच्या मुली. टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्या आहेत.

सहल संपली की दोघांनीही तीन दिवसांत आपापली चिठ्ठी काकांकडे द्यायची. "हो" किंवा "नाही". एकमेकांचे फोन नंबर घ्यायचे नाहीत, घरच्यांनी परस्पर बोलायचं नाही. आठवड्यानं काका येणार आणि साखरेचं काय ते सांगणार. नकार असेल तर तो कुणाचा, हे ते कधीही सांगत नसत. फक्त "योग नाही" म्हणायचे. त्यामुळे कुणाचीच मान खाली जायची नाही. सगळे म्हणायचे, किती सभ्य पद्धत आहे. होतीच सभ्य.

मी गेले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. माझ्याबरोबर नागपूरचा एक मुलगा होता, फरिदाबादच्या कारखान्यात इंजिनिअर. उंच, जरा वाकून चालणारा, आणि बोलायला इतका मोकळा की छत्रीपर्यंत त्याची सगळी माहिती संपली. पडक्या छत्रीत उभा राहून म्हणाला, "आता तुम्ही बोला. मी तर सगळंच बोलून बसलो." मी हसले. खडकावर आम्ही बराच वेळ बसलो. त्यानं मला बदकं दाखवली आणि त्यातली कुठली सायबेरियाची नाहीत तेही दाखवलं. मी त्याला सांगितलं की मला सरकारी परीक्षा द्यायच्या नाहीत, बाबांना वाटतं द्याव्यात. तो म्हणाला, "मग नका देऊ ना. कोण जबरदस्ती करून राहिलं?" इतकं साधं मला कुणी म्हटलं नव्हतं.

परत निघालो आणि वीस पावलांवर माझ्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा तुटला. आईनं खास या दिवसासाठी घेतलेली नवी जोडी. बघण्याच्या दिवशी चप्पल तुटली हे आईला कळलं असतं तर तिनं तिथेच कपाळाला हात लावला असता. मी दोन्ही चपला काढून पदराआड हातात धरल्या. वाटेवर कीकरचे काटे पसरलेले, बोटाएवढे. त्यानं आधी स्वतःचे बूट देऊ केले. त्याच्या बुटात माझे दोन पाय मावले असते. मग म्हणाला, "असं करतो, मी पुढे चालतो. तुम्ही माझ्या मागून या." आणि तो मान खाली घालून, बुटानं एकेक काटा बाजूला सारत माझ्या पुढे चालू लागला. मध्येच वाकून एखादी फांदी उचलून पाण्यात भिरकावायचा. मागे वळून बघत नव्हता, कारण नजर वाटेवर होती. मी त्यानं साफ केलेल्या पट्टीवरून अनवाणी चालत होते. त्या सकाळी मी किती सुखात होते, हे आता लिहितानाही मला लाज वाटत नाही.

काठ जवळ आल्यावर मी चपला पायात सरकवल्या आणि तुटकी चप्पल ओढत आले. "घरच्यांना सांगू नका हं," मी त्याला म्हटलं होतं. "नाही सांगणार," तो म्हणाला. आणि नाहीच सांगितलं त्यानं. बसमध्ये मी हळूच पिशवीतल्या दुसऱ्या चपला काढून घातल्या.

चिठ्ठीवर मी "हो" लिहिलं. पुढच्या रविवारी काका आले. आईनं चहा ठेवला, साखर विचारली. काका पंख्याकडे बघत म्हणाले, "नको."

रडले वगैरे नाही मी. आईच रडली. पण त्या दिवशी मी मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली: मला माणसं कळत नाहीत. एक माणूस माझ्या पायाखालचे काटे वेचतो आणि घरी जाऊन "नाही" लिहितो, आणि मला मात्र त्याला मी आवडले असं वाटलेलं असतं. म्हणजे माझंच बघणं खोटं. महिन्याभरानं बाबांच्या ऑफिसातून मी त्याच्या कारखान्यात फोन लावला होता. ऑपरेटर म्हणाली, "किससे बात करनी है?" मी ठेवून दिला. योग नाही म्हटल्यावर फोन करणारी मुलगी म्हणजे काय, हे मला पुरेपूर ठाऊक होतं. काही दिवसांनी तो नोकरी सोडून नागपूरला गेल्याचं कानावर आलं.

माझं लग्न झालं नाही याला एकटे काका जबाबदार, असं म्हणणं खोटं होईल. पुढे आणखी दोनदा मी ती सव्वा किलोमीटरची वाट चालले. दोन्ही मुलगे चांगले होते. दोन्ही वेळा चिठ्ठीवर मी "नाही" लिहिलं, कारण चांगले वाटतात त्यावर माझा विश्वास उरला नव्हता. मग बाबा गेले, आईचं आजारपण निघालं, मी गुरुग्रामला नोकरी धरली, सोसायटीत अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आणि दर संक्रांतीनंतरच्या रविवारी तळ्यावर जाऊन दुसऱ्यांच्या मुलींसाठी पोहे वाढत राहिले. काका मला सगळ्यांसमोर "माझा उजवा हात" म्हणायचे. तेवढ्यावर मी खूश असायचे, हे सांगताना मात्र लाज वाटते.

वय झालं तशा सहली थांबल्या. लोक मोबाइलवर जुळवू लागले. काका गुरुग्रामलाच मुलाकडे राहायला आले, माझ्यापासून दोन सिग्नल पुढे. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या मुलाचा फोन आला. "बाबा रोज तळं तळं करतात. तू एकदा नेऊन आण ना यार, मला बिल्कुल टाइम नाही." मी रविवार धरून गाडी काढली. काकांनी कोट घातला होता, गळ्यात दुर्बीण. थर्मासमध्ये चहा बिनसाखरेचाच घ्यायला लावला आणि साखर वेगळ्या डबीत. "साखर जागेवर घालायची असते," म्हणाले. विनोद करत होते.

तळं आटलं होतं. जिभेच्या दोन्ही बाजूंना सुकलेला गाळ, त्यावर बकऱ्या चरत होत्या, आणि कुणी विटा रचून क्रिकेटचा स्टंप केला होता. टोकापाशी तेवढं डबकं उरलं होतं. फाटकावरचा गार्ड म्हणाला, "बाबूजी, अब यहाँ क्या रखा है?" काका त्याला म्हणाले, "भाई, तुमने कुछ देखा ही नहीं." पण बाकावर टेकल्यावर त्यांनी दुर्बीण फिरवून दोन्ही बाजूंचा गाळ बघितला. मग म्हणाले, "आता कुठूनही उतरून जाता येतं. याला काय अर्थ आहे?"

थोड्या वेळानं त्यांना हुरूप आला. "जा, टोकापर्यंत जाऊन ये. सावकाश. मी बघतो." म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून मी गेले. छत्रीचा आता एकच खांब उभा होता. खडकावर जरा बसले आणि परत आले. पायात स्पोर्ट्स शूज होते.

दुर्बीण डोळ्यावरून काढत काका हसले. "आता कशी छान चालतेस. त्या दिवशी पाय ओढत आली होतीस."

"कुठल्या दिवशी?"

"तो नागपूरचा नव्हता का? हिरो पुढे, तू मागे. काय ऐट! टोकापासून काठापर्यंत एकदा म्हणून वळून बघितलं नाही त्यानं. मी तिथल्या तिथे फुली मारली." ते माझ्याकडे झुकले. एखादं मोठं बक्षीस द्यावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. "आता सांगायला हरकत नाही. चिठ्ठ्या दोघांच्याही 'हो'च्या आल्या होत्या. तो तर पुन्हा माझ्या घरी आला होता विचारायला. म्हटलं, योग नाही बाबा. दोन्ही चिठ्ठ्या फाडल्या मी. तुझ्या काकूसारखी गत होऊ दिली नाही तुझी. वाचवलं तुला."

मला पहिल्यांदा काय वाटलं? आनंद. खरंच. त्यानं "हो" लिहिलं होतं. मला माणसं कळत होती. सत्तावीस वर्षांच्या त्या मुलीनं नीट बघितलं होतं. तो आनंद दोनचार श्वास टिकला असेल. मग माझ्या लक्षात आलं की हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली, आणि ते मला सांगणारा माणूस शाबासकीची वाट बघत समोर बसला आहे. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. मंडी हाऊसच्या स्टॉपवर यांनी आपल्या बायकोला सोडलं, आणि भरपाई माझ्याकडून करून घेतली.

"काका," मी म्हटलं, "माझी चप्पल तुटली होती. मी अनवाणी होते. तो पुढे चालून काटे काढत होता."

त्यांना आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, एकेक शब्द. काकांनी दुर्बीण उचलली, डोळ्याला लावली आणि वाटेकडे बघत राहिले. त्यांना काय दिसत असेल कोण जाणे.

"इथून काटे दिसत नाहीत," ते म्हणाले.

"नाही दिसत."

"मग सांगायचंस ना तेव्हा."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. दोन चिठ्ठ्या होत्या तुमच्या हातात. दोन 'हो'. एकदा विचारायचं होतंत, तो पुढे का चालत होता म्हणून."

"मी तुझ्या भल्यासाठी..." ते म्हणाले आणि थांबले. काकूंनी भाकऱ्या केल्या, या वाक्यानंतर ते थांबायचे तसे. पण इथे पदर डोळ्याला लावणारं कुणी नव्हतं. दूर बकऱ्यांमागे एक बाई हाका घालत होती. काकांनी दुर्बिणीचा पट्टा गळ्यातून काढला, तिची घडी करता येत नाही हे विसरून घडी करायला गेले, आणि शेवटी ती बाकावर ठेवली. मी त्यांना धीर द्यावा, अशी त्यांची अपेक्षा दिसत होती. अकरा वर्षं मी तेच केलं होतं. पोहे संपले तरी "पुरतील काका" म्हणणारी मीच होते. या वेळी मी बकऱ्यांकडे बघत बसले.

"चहा दे," ते म्हणाले. आणि मग, आयुष्यात कधी ऐकला नव्हता अशा आर्जवी आवाजात, "दोन चमचे घाल हं."

मी थर्मास उघडला, कपात चहा ओतला. साखरेची डबी मांडीवर होती. ती न उघडता मी पिशवीत टाकली आणि कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा प्यायले. सगळा प्यायले. कप रिकामा करून परत देताना त्यांचे डोळे भरले होते. माझे नव्हते.

निघताना मी पुढे झाले. गाडी लांब लावली होती आणि काका काठी टेकत मागून येत होते. मी एकदाही वळून बघितलं नाही. वाटेवर कीकरचे काटे खूप होते, आणि त्यांच्या पायात घरातल्या पातळ सपाता होत्या. मी ते बुटानं बाजूला सारत गाडीपर्यंत गेले.